गाळाने दिलेला दगा

४ फेब्रुवारी
मानवजातीने पुष्कळ अन्याय सोसले असतील. पण ऑफिसातली माझी खुर्ची बसल्याबसल्या खाली जाते, ही नोंद इतिहासाने घ्यायलाच हवी. मीटिंग संपेपर्यंत हनुवटी टेबलाला टेकते. या उंचीवरून विभागप्रमुखपद मागायचं कसं?

९ फेब्रुवारी
संकल्प: प्रमुख निवृत्त होताहेत, प्रमुखपद यंदाच. आमच्या समुद्रविज्ञान संस्थेत नमुने थंड ठेवायची कोल्ड रूम आहे; तिथली समुद्रतळातून उपसलेल्या गाळाची नळी बाहेर काढली. गेल्या वर्षी मेहुण्यावर छाप पाडायला मीच उघडली होती. काळाकुट्ट गाळ, कुजक्या अंड्यांचा वास; मेहुणा पळाला. प्लास्टिक पुन्हा गुंडाळायचं राहिलं असावं. किरकोळ बाब. आज पाहतो तर गाळावर चकचकीत सुया. जिप्सम! खारं पाणी आटलं की मागे उरतो तो क्षार; म्हणजे हा समुद्र कधीकाळी आटला होता. शोध माझा.

११ फेब्रुवारी
शिष्येला दाखवलं. माझ्या हाताखाली शिकली, आता शेजारच्या टेबलावर बसते. म्हणते, सर, नळी आणली तेव्हा या सुया होत्या का? मत्सर, दुसरं काय. बायकोला सांगितलं तर म्हणाली, विचारतेय तर उत्तर द्या की. घरातही फितुरी.

१८ फेब्रुवारी, सकाळ
सेमिनार. नवा शर्ट. टाळ्यांसाठी थांबायच्या जागा पाठ.

संध्याकाळ
दगा! भर सभेत शिष्येने नळी आली त्या दिवशीचा फोटो लावला. सुई एकही नाही. मग मलाच शिकवलं: मेलेले जीव तळाशी साचतात, जीवाणू त्यांवर गुजराण करतात, त्यातून गंधकाचा वायू निघतो, तो लोखंडाशी जुळून पायराइट हे खनिज होतं. झाकलेलं असेल तोवर ठीक. हवा लागली की आम्ल. आम्ल शिंपल्यांचा चुना खातं आणि जिप्सम उगवतं. समुद्र आटला नव्हता सर, म्हणाली, प्लास्टिक निघालं होतं. सभा खदखदून हसली. प्रमुखांनी विचारलं, नळी उघडली कुणी? मी मेहुण्याचं नाव घेतलं.

१९ फेब्रुवारी
भावाचं नाव घेतलं म्हणून बायको बोलत नाही. शिष्येला जाब विचारला. म्हणाली, सेमिनारआधी एकांतात तीनदा विचारलं, तुम्ही हाकलून दिलंत. छापून आलं असतं तर जग हसलं असतं. वर माझ्यावरच उपकार! आणि तो गाळ? युगानुयुगं तळाशी निमूट पडून होता, पालटायला माझीच कोल्ड रूम सापडली.

२ मार्च
प्रमुखपद शिष्येला. माझ्याकडे कोल्ड रूमची किल्ली. विश्वासाचं काम आहे, असं ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे जास्त लागलं.

३ मार्च
उघड्या नळ्या गुंडाळत बसलो. प्लास्टिक संपलं, म्हणून तिच्या कपाटातला रोल न विचारता वापरला. तोही संपला.

४ मार्च
येताना नवा रोल आणला. ती यायच्या आत कपाटात ठेवला.