एप्रिलनंतरचे पेशंट

सोम., २१ ऑक्टो. ९६
सकाळी दवाखाना उघडून कॉम्प्युटर चालू केला. आतून खर्र खर्र आवाज. पडद्यावर एकच ओळ, डिस्क सापडत नाही. तीनदा बंद-चालू केला. मग डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर स्टूलावर बसून राहिले. डॉ. ऑगस्टमध्ये वारले, तरी कागद मागायला येणाऱ्या पेशंटांसाठी मी दवाखाना उघडते. तुर्भ्याच्या खाणकामगारांची त्यांनी लिहिलेली सगळी टिपणं यातच.
वाशीच्या कामतला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

मंगळ., २२
कामतने खोका उघडला, कान लावून ऐकलं. "वसुधा मॅडम, हार्ड डिस्क गेली. पूर्ण. बॅकअप आहे ना?"
आहे म्हटलं. दर शुक्रवारी घेत होते, डॉ. गेले त्या आठवड्यापर्यंत. अठरा फ्लॉप्या, कपाटात.
नवी डिस्क उद्या.

बुध., २३
अकरावी फ्लॉपी वाचेना. कामतने झडप सरकवून दाखवली, आत पांढरे ठिपके. बुरशी. कपाटामागच्या भिंतीला पावसाळाभर ओल होती. मला माहीत होती.
त्याने फ्लॉपी उसवून आतली चकती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, दुसऱ्या कव्हरात घातली. अकरावी चालली. बारावी नाही. तेरावी, चौदावी, काहीच नाही.
"एक जरी मधली गेली तरी पुढचं जुळत नाही मॅडम. दुसरा सेट?"

गुरु., २४
दुसरा सेट डॉक्टरांच्या घरी. महिन्यातून एकदा घेऊन त्यांच्याकडे पोचवायचा, असं ठरलेलं. एप्रिलनंतर मी पोचवला नाही. आजारपण नव्हतं, पाहुणे नव्हते. कंटाळा. फक्त कंटाळा.
आज गेले. वहिनींनी, डॉक्टरांच्या बायकोने, बिस्किटांचा डबा काढून दिला. फ्लॉप्यांवर डॉक्टरांच्या अक्षरात आकडे, थरथरलेले. वहिनी म्हणाल्या, "हे गेल्यापासून मी तुझी वाट बघत होते. म्हटलं येशील."
भेटायला गेलेच नव्हते. काय बोलणार.

शुक्र., २५
अठराच्या अठरा चालल्या. कामतने टाळी दिली. यादी उघडली. जुनी नावं एकेक करून आली, आणि एप्रिलमध्ये थांबली.
मे ते ऑगस्ट काही नाही. हात थरथरायला लागल्यापासून डॉ. कागदावर लिहीतच नसत. सांगायचे मराठीत, मी इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. प्रिंटर एप्रिलपासून बिघडलेला.
संध्याकाळी घरी ह्यांना सांगितलं. "चूक होते गं," म्हणाले.

सोम., २८
अंजना आली. तिचा नवरा तुकाराम खाणीत दगड फोडायचा. जूनमध्ये डॉक्टरांकडे आला होता, सप्टेंबरात वारला. भरपाईची सुनावणी दिवाळीनंतर आहे, डॉक्टरांचं टिपण हवंय. छातीचा फोटो तिच्याकडे आहे, पण आजार कशाने झाला ते फोटोवर लिहिलेलं नसतं.
सांगितलं तिला. गेलं म्हणून.
मग, "ताई, तुमीच टाइप केलं व्हतं न्हवं?"
"हो."
"मग परत करा की."

मंगळ., २९
शब्द अन् शब्द आठवतो. "चालताना धाप. दोन्ही फुप्फुसांवर बारीक ठिपके. कारण खाणीतली धूळ. काम सोड म्हटलं तर हसला. हसला, हेही लिही." मी लिहिलं होतं.
नव्या डिस्कवर टाइप करून जूनची तारीख घालायला दहा मिनिटं लागतील. कोणाला कळणार नाही. खोटं तरी कुठे आहे?

गुरु., ३१
टाइप केलं. खाली डॉक्टरांचं नाव घातलं.
एकच अडलं. खाणीत किती वर्षं? माझ्या डोक्यात सात. अंजना म्हणते नऊ. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? डोळे मिटले, त्यांचा आवाज आठवला, आकडा आठवेना. मग बाकीचं तरी त्यांचंच कशावरून?
पुसून टाकलं.

सोम., ४ नोव्हें.
अंजनाच्या खोलीवर गेले. तिने चहा केला. म्हटलं, मी माझ्या नावाने लिहून देते, मी काय ऐकलं, काय टाइप केलं ते. डॉक्टरांच्या नावाने नाही.
"तुमचं नाव तिथं चालंल का?"
"माहीत नाही."
"मग डाक्टरांचं टाकायला काय हुतंय? ते काय नको म्हनायला येनार हायती?"
चिडली होती. तिचं चुकलं नाही. एप्रिलनंतरचे आणखी कितीजण असेच येतील. चहा तसाच राहिला.

शुक्र., ८
वहिनींकडे फराळ नेला. सगळं सांगितलं, कंटाळ्याचंही. निघताना त्यांनी माझ्या हातात करंजी ठेवली. रस्त्यात रडू आलं.

सोम., १८
सुनावणी. अंजना आणि मी बेलापूरला बसने. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.
साहेबांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर?"
"नाही. त्यांची टिपणं टाइप करायचे."
"मूळ टिपण?"
"गेलं. माझ्या निष्काळजीपणामुळे."
त्यांनी मान वर केली. म्हणाले, वाचा. उभं राहून वाचलं. किती वर्षं, तिथे "मला आठवत नाही" असंच लिहिलं होतं, तेही वाचलं. हसला, तेही. कागद फायलीत गेला. "बघू. पुढची तारीख कळवू."
माझ्या साक्षीच्या वेळी अंजनाला आत घेतलं नव्हतं. बाहेर बाकावर होती. उठून जवळ आली.
"काय म्हनले?"
"बघू म्हणाले."
"त्यांचं नाव घेतलं का कुनी आत?"
"मी घेतलं. तुकाराम म्हणून. दोनदा."
तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. बस येईपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली.