उंबऱ्यावरचा डबा

९ डिसेंबर, अकोला

मी आत्या झाले! गोपालला मुलगी. काल अमरावतीला माझ्या घरी आईचा फोन — "नीलम, तूच ये बाप्पा. तुझ्या हातच्या डिंकाच्या लाडवाची सर कोणाले नाही." भावजय आकांक्षाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून बाळंतपण आमच्याकडे. रजा टाकली, सकाळची एसटी धरली.

आल्या आल्या खोलीकडे वळले, तर आईने दंड धरला. "आत नको जाऊ. लोकं काय म्हणतीन?" बाळंतिणीच्या खोलीत 'तसल्या' बाईने जायचं नसतं. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही — म्हणजे मी तसली.

१० डिसेंबर

डिंक तुपात फुलवला. खारीक कुटली, खोबरं भाजलं, गूळ, खसखस, चिमूटभर मेथ्या. लाडू वळून हात भरून आले. माझी नजर बाळाला लागते, पण माझे हात लाडवांना लागत नाहीत! शास्त्र मोठं सोयीचं आहे. डबा उंबऱ्यावर ठेवायचा, आई आत नेणार.

११ डिसेंबर

अळिवाची खीर. उंबऱ्यावर.

१२ डिसेंबर

शेजारच्या पार्वताबाई सरळ आत गेल्या, बाळ घेतलं, बाहेर येऊन मला म्हणाल्या — "नाक तं तुयावरच गेलं व!" वा! नाकाला आत जायची परवानगी आहे, नाकवालीला नाही.

१४ डिसेंबर

लाडू परत आले. सगळेच्या सगळे! आई म्हणते, "तिले भूकच नाही." दूध पुरत नाही, बाळाचं वजन घटलं म्हणून डॉक्टरीणबाई रागावल्यात, आणि आमच्या आकांक्षा महाराणी लाडू परत पाठवतात! तिलाही तसल्या हातचं चालत नसेल. मग तोंडाने सांगावं.

ओट्यापाशी उभी राहून रडले. चार लाडू मीच खाल्ले. छान झालेत.

१६ डिसेंबर

बाळाचं नाव आत्याने ठेवायचं असतं. आईने पातूरहून चुलतबहीण गीतांजलीला बोलावलंय. तिला दोन मुलगे. "तेबी आत्याच आहे न. तू सैपाकाचं पाह्य." गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज सरायचीही वाट पाहिली नाही!

माझ्याकडे एक नाव होतं. नऊ वर्षं जपलेलं, माझ्या मुलीसाठी. हिला देऊन टाकायला निघाले होते. बरं झालं, शिल्लक राहिलं.

१७ डिसेंबर

आई देवळात गेली होती. डबा ठेवायला वाकले, तर दार उघडलं. आकांक्षा!

"ताई, मुलगी झाली म्हणून राग आहे काय तुमाले? नऊ दिवस झाले, उंबऱ्यावरूनच परत जाता."

मी विचारलं, "म्हणून लाडू परत केले?"

"जे आत्या माझ्या लेकीचं तोंड पाहत नाही, तिचे लाडू मी कावून खाऊ?"

तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं! आईने म्हणे सांगितलं होतं — "नीलमले सवड नाही." मग मीच सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "आणा तो डबा." दारातच उभ्याने दोन लाडू संपवले. तोंडात घास असतानाच रडत होती.

१८ डिसेंबर

बारसं. गीतांजली पाळण्याकडे निघाली. आकांक्षाने सगळ्यांदेखत बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

ते नाव आता शिल्लक नाही. तिच्या कानात सांगून टाकलं.