पिल्लं बाहेर येत नाहीत

२ सप्टेंबर

पोचले एकदाची! नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटी चाकूरला आली, तर सिद्रामप्पा सर स्टँडवर स्कूटी घेऊन उभेच. सर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. बोलणं इतकं मवाळ की मला आपोआप "हो सर, हो सर" व्हायला लागलं. गावाबाहेर सोयाबीनच्या मधोमध त्यांचा नवा स्लॅबचा बंगला आहे. मागे कोंबड्यांचं जुनं शेड आहे. त्याला बारीक जाळी मारून आत घोरपडीच्या पिल्लांची सोय केली आहे. शेडला लागूनच माझी खोली. पंखा आहे, खिडकी आहे, आणि शेजारी कुणी नाही. आई म्हणायची, धम्मप्रिया, झूलॉजी शिकून काय पाली पकडणार का? पालीच म्हण आई, जरा मोठ्या.

शेततळं खोदताना मशीनखाली अंडी निघाली, काही वाचली, त्यातून ही पिल्लं; ती सांभाळायला मला बोलावलंय. वनखात्याची लेखी परवानगी आहे, मोठी झाली की सोडायची, असं सर म्हणाले. मी कागद पाहायला मागितला. कपाटात आहे, दाखवतो म्हणाले. महालक्ष्म्या नुकत्याच उठल्यात, म्हणून फराळाचं ताट भरून आणून दिलं. करंज्या मस्त होत्या. सरांची बायको, काकू, अर्धांगाने आजारी होत्या, आता बऱ्या आहेत, पण माणसांत येत नाहीत. मागच्या खोलीत जायचं नाही, एवढीच एक अट.

४ सप्टेंबर

पिल्लं काय देखणी आहेत! काळसर अंगावर पिवळे ठिपके, मानेवर पट्टे, आणि निळसर दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर. वीतभर जीव, पण मला बघून गळा फुगवतात आणि फुसकारतात.

आल्या आल्या मी सगळी मांडणी बदलली. सरांनी मोठे खोके ठेवले होते. मोठं खोकं आपल्याला ऐसपैस वाटतं, पिल्लाला ते उघडं मैदान वाटतं. त्याला अशी फट लागते की वर पाठ टेकली पाहिजे आणि खाली पोट. म्हणून जुनी कौलं एकावर एक रचली, बाभळीच्या साली लावल्या, ओलसर मातीचा जाड थर दिला. एका कोपऱ्यात उन्हासारखा तापणारा बल्ब, दुसरा कोपरा गार. लपलेलं पिल्लू ओढून बाहेर काढायचं नाही, हा पहिला नियम. एकदा ओढलं की आठवडाभराची ओळख पुसली जाते. लपायला पक्की जागा मिळाली, की ते उलट जास्त बाहेर येतं.

म्हणूनच ती मोजता मात्र येत नाहीत. कधी चार शेपट्या दिसतात, कधी एकही नाही.

७ सप्टेंबर

माझी वापरलेली ओढणी कौलांवर टाकून ठेवते, म्हणजे वासाची सवय होईल. आज एकाने चिमट्यातला नाकतोडा माझ्यासमोर ओढून घेतला. मी आनंदाने ओरडणारच होते.

घाणीचंही लिहून ठेवते. काल उंदराचं पिल्लू दिलं होतं. ज्याने गिळलं त्याने आज ते परत काढलं. अर्धं विरघळलेलं, केस सुटलेले, बुळबुळीत, आणि वास असा की नाकातून घशात उतरला. पाण्याच्या परातीतच सगळी हगतात. अंड्याचा बलक वाळून चिमट्याला चिकटतो. साबणाने तीनतीनदा हात धुते, तरी भाकरी तोंडाशी नेली की बोटांना तोच वास. संघपालला फोनवर सांगितलं तर भाऊ म्हणाला, तूच निवडलंस, आता खा. हसले.

११ सप्टेंबर

एक गोष्ट कळून नाही राहिली.

दुपारचं ऊन म्हणजे यांची वेळ. अंग तापवायचं, मग खायचं. पण भर दुपारी सगळी गायब होतात. बल्बखाली एकसुद्धा नाही. आज वाकून टॉर्चने बघितलं. एरवी पिल्लू फटीत शिरलं की वळतं आणि नाकाडं तोंडाशी ठेवून बाहेर बघत बसतं. ही मात्र आत तोंड करून, एकमेकांवर चढून, कौलाच्या पार शेवटाला चिकटली होती. कौल हलकेच उचललं तरी पळाली नाहीत. पोटं धडधडत होती.

मला बघून असं करत नाहीत. मी सकाळी जाते तेव्हा बाहेर असतात.

सरांना सांगितलं. पिल्लांचा स्वभावच लपायचा, उकरत बसू नका, म्हणाले. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली आहे. विळी लागली म्हणे. दुपारी जेवून झोपत चला, शेडकडे मी बघतो, असंही म्हणाले.

पिल्लं कमी झाली आहेत असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही, लपलेलं आणि गेलेलं सारखंच दिसतं.

१४ सप्टेंबर

शेडच्या मागे राख टाकायला गेले होते. भिंतीच्या कडेला ओला गोळा पडला होता. आधी कुत्र्याचं वाटलं. काडीने फोडला. आत खवले. बारीक नख्या. एक एवढासा जबडा, दातांसकट. वरून चिकट, फेसाळ. कुणीतरी गिळून, न पचलेलं बाहेर काढलं होतं.

मोठी घोरपड लहान पिल्लं खाते, हे मी शिकलेय. म्हणजे आवारात एखादं मोठं जनावर शिरतंय, पिल्लं त्यालाच भितात, असं मनात आलं आणि बरंसुद्धा वाटलं. कारण सापडलं.

मग काडीला काहीतरी गुंतलं. ओढलं तर लांबत गेलं. पिकलेला केस. बाईचा. एका टोकाला तेल.

तिथेच ओकले.

१६ सप्टेंबर

आज दुपारी झोपले नाही. खोलीच्या खिडकीतून शेडचं दार दिसतं.

काकू आल्या. पहिल्यांदाच पाहिलं त्यांना. साठीच्या असतील. इरकल नेसलेली, कपाळाला विभूती, कुठल्याही घरातली बाई वाटावी अशी. आधी अंगणातल्या फरशीवर पालथ्या पडल्या, हात पसरून, गाल तापल्या फरशीला लावून. किती वेळ. मला वाटलं चक्कर आली, मी उठणार तोच त्या उठल्या, चटकन, आणि शेडमध्ये गेल्या. मी चपला न घालता मागे गेले आणि जाळीतून बघितलं.

उकिडव्या बसून कौलाच्या फटीत हात घातला होता. कोंबड्यांना बोलावतात तसं हळू आवाजात म्हणत होत्या, "बा… बा… बा गे…" त्यांचं माहेर बिदरकडचं. कानडीत ये, ये म्हणत होत्या.

हात बाहेर आला तो पिल्लू घेऊन. तोडलं नाही, चावलं नाही. डोकं मागे टाकलं आणि सोडलं तोंडात. गाल फुगले. गळ्यावरून काहीतरी खाली सरकत गेलं, थांबलं, पुन्हा सरकलं. ओठांतून शेपटीचं टोक बाहेर होतं, ते हलत होतं. मग त्यांनी ते बोटाने आत ढकललं.

ओठ पुसले. पदराने. पाहुण्याकडे जेवून झाल्यावर पुसतात तसे.

मी अजून दात घासतेय. मी काही खाल्लेलं नाही आणि तरी घासतेय.

१७ सप्टेंबर

सरांना तोंडावर विचारलं. ते ओट्यावर बसले आणि रडायला लागले.

परवानगी वगैरे काही नाही. गुरम्मा, म्हणजे काकू, अंथरुणाला खिळल्या होत्या, लातूरच्या डॉक्टरांनी घरी न्या सांगितलं होतं. कुणीतरी घोरपडीचं रक्त सुचवलं. सरांनी आणलं, औषध म्हणून पाजलं. मी विज्ञान शिकवलेला माणूस, तरी पाजलं, म्हणाले. पंधरवड्यात ती उठून बसली, मग चालली. सारं गाव बघायला आलं. पण त्यानंतर भाकरी तोंडात घेईना. आधी रक्त, मग मांस, मग जिवंतच. मोठी मिळेनात, म्हणून अंडी गोळा करून पिल्लं वाढवायला लागले. त्यांच्या हाताखाली पिल्लं जगत नव्हती. म्हणून मी.

"तुमच्यामुळं चांगली भरली हो पिल्लं," म्हणाले. मला! जणू शाबासकी. मी घातलेला एकेक नाकतोडा, एकेक अंडं त्या घशात गेलं.

बोटांचं विचारलं तर चिंधी पदराआड झाकावी तशी शर्टाखाली घेतली. एवढंच म्हणाले, "तिला कळत न्हाई ओ. भूक लागली की माणूस वळखत न्हाई."

वनखात्याला फोन केला. उद्या गाडी येते म्हणाले. संघपालही पहाटे निघतोय. मी आत्ताच निघू शकते, बॅग भरलेली आहे. पण गेले तर उद्यापर्यंत इथे एक पिल्लू उरणार नाही. शेडला माझं कुलूप लावलं. कौलं अशी रचली की फटीत दोन बोटंसुद्धा जाणार नाहीत.

पहिल्यांदाच दुपारी एक पिल्लू बाहेर येऊन बल्बखाली बसलं.

१८ सप्टेंबर, सकाळ

काकूंनी कुलूप ओढून बघितलं. मग मागच्या खोलीत गेल्या. आतून भांडी आपटल्याचे आवाज, सरांचा समजावण्याचा आवाज. मग सर ओरडले. एकदाच.

थोड्या वेळाने स्कूटी सुरू झाली. मी बंगल्याच्या कोपऱ्यापर्यंत धावत गेले. सर फाटकातून निघत होते, शर्टाची बाही लाल, माझ्याकडे बघितलं नाही. "सर, थांबा!" म्हटलं. थांबले नाहीत.

नजर वळवली तर ओसरीवर काकू. माझ्या आणि फाटकाच्या मध्ये.

कुलूप काढून शेडमध्ये शिरले, वही आणि फोन हातातच. आतून कडी.

१८, दुपार

दाराला टेकून बसल्यात. उन्हात. जाळीतून त्यांची पाठ दिसते. ब्लाऊज वर सरकलाय, कमरेची कातडी खरखरीत, राखेच्या रंगाची, पोपडे निघालेत. एक मोठा पोपडा वाऱ्याने जाळीला येऊन चिकटला. माझ्या दंडापासून एवढ्याशा अंतरावर. पातळ, ओलसर. त्यावर खवल्यांची नक्षी.

वास. तोच. अर्ध्या विरघळलेल्या उंदराचा. फक्त माणसाएवढा.

संघपालचा फोन — अहमदपूर सोडलं. त्याची गाडी बंद पडली होती, आता निघाला. वनखात्याची अजून आलेली नाही. दाराजवळ बाई बसलीय, फाटकातून हॉर्न वाजवत ये, एवढंच सांगू शकले. हसला नाही या वेळी.

त्या बोलल्या. तोंड फिरवलं नाही, तशाच उन्हाकडे बघत. आवाज इतका मायेचा —

"पोरी, काऊन भिऊन राहिली? भाईर ये. उन्हात बस जरा. गार हाय तुजं अंग. गार लई वंगाळ लागतंय."

मी कडी पुन्हा चाचपून बघितली.

"तू चांगली हाईस. समद्यास्नी खाऊ घालतीस."

नंतर

उठल्या. शेडला फेरी मारतायत. नख भिंतीला घासतंय. पाठीमागे गेल्या, पुढे आल्या. जाळी ओढून बघतात, धरतात, सोडतात.

पिल्लं फटींतून बाहेर आली. सगळी. मी कधीच सगळी एकदम पाहिली नव्हती. कौलांवर, मातीवर, बल्बपाशी, जिभा बाहेर. इतकी कमी? एवढीच उरली?

मग माझ्याकडे. धावत. सलवारीच्या पायातून वर, कुर्त्याच्या बाहीत, ओढणीखाली, मानेमागे केसांत. नख्या रुततात. पोटं गार, ओली, धडधडतात. एकाने काखेत हगलं. झटकावं वाटलं — हात वर गेला —

झटकलं नाही.

चूप. चूप रे बाळांनो. मीच आहे.

नंतर

आवाज थांबला.

हॉर्न? नाही. ट्रक, लांब रस्त्यावर.

कोपऱ्यात पाणी जायचं भोक आहे, शेड धुतल्यावर पाणी सोयाबीनात जातं त्यातून. त्यावर वीट ठेवलेली असते. वीट सरकली.

बोटं. इकडून तिकडून चाचपतायत. बांगड्या विटेला लागून वाजल्या. "बा… बा गे…"

मनगट. कोपर.

भोक एवढंसं आहे. हात येईल. हातच येईल. मी पलीकडच्या भिंतीला आहे, इथवर पोचत नाही —

खांदा आला. एक हाड मोडल्यासारखं वाजलं. त्या ओरडल्या नाहीत.

पिल्लं हलत नाहीत. एकही. श्वाससुद्धा —

हॉर्न! फाटकापाशी हॉर्न! संघपाल हाक मारतोय, मी ओरडते —

केस आले. तेल लावलेले. त्यांच्यामागे कपाळ, विभूतीसकट, चेपत, आत येत, डोळे उघडे, तोंड — जीभ —

ती दोन टोकांची, निळ