फळ्यापाशी एक तास

रवि. २ नोव्हें., अहमदपूर

आजचा फळा: "लातूरच्या एका होस्टेलात मुलींना पाइपानं मारतात. मी वळ पाहिलेत. – सुमन, निवृत्त चित्रकला शिक्षिका." एसटी स्टँडसमोर, चहाच्या टपरीला लागून. नेहमीप्रमाणे पाच ते सहा उभी.

वळ मागच्या गल्लीतल्या कमलच्या शिवानीचे. दिवाळीला आली ती परत जायचं नाव घेईना. गादीखाली मोबाईल सापडला म्हणून रेक्टरबाईनं दार लावून मारलं. मांड्या काळ्यानिळ्या. सतरा वर्षांची पोर, अजून उकिडवं बसता येत नाही. बघून माझ्या हाताची बोटं आखडली. त्या बाईचा गळा समोर असता तर...

तासाभरात दोन माणसं थांबली. त्यातल्या एकाला नांदेड गाडीची वेळ हवी होती.

ऋतुजानं फळ्याचा फोटो टाकला. भाची आहे, एम.ए. होऊन वर्षभर माझ्याकडंच राहते, नोकरी शोधते, म्हणजे फोन बघते. म्हणाली, "मावशी, नाव कशाला? नुसता मजकूर टाकू." मी म्हटलं, नाव, गाव, वेळ, सगळं टाक. जो लिहील तो तासभर उभा राहील. हात उचलायचा नाही. चुकलं तर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत चूक लिहायची. नांदेडला चाळीस वर्षांपूर्वी आम्ही आठ जणांनी हे ठरवलं, आणि फोन आला म्हणून ते बदलत नाही.

टाकलं तिनं. "मावशी दर रविवारी ५ ते ६ इथंच उभी असते. बोलायचंय त्यांनी या."

मंगळ. ४ नोव्हें.

ऋ. सकाळपासून धमक्या वाचून दाखवते आहे. म्हातारीच्या तंगड्या तोडा. जीभ हासडा. शिवानीचं नाव कुणी शोधून काढलं कोण जाणे, तिच्याबद्दल जे लिहिलंय ते या वहीत उतरवणार नाही. ऋ. मात्र खुशीत. मार्क वाढल्यासारखी आकडा सांगते. इतक्या हजारांनी पाहिलं! मी विचारलं, त्यातले उभे किती राहतील? "तू ना, मावशी, लई जुनी झालीस."

दिलीपचा नांदेडहून फोन. आठांतले आम्ही दोघंच उरलो. त्याला वजिराबादेतला तो दगड आठवला. माझ्या कपाळाला तीन टाके पडले होते. मारणारा दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी आला, तासभर भांडला, शेवटी मला चहा पाजून गेला. "सुमे, तवा दगडामागं तोंड असायचं," दिलीप म्हणाला. त्याला तेव्हाचं सगळंच गोड लागतं. टाके माझ्या कपाळाला होते.

शनि. ८ नोव्हें.

ज्याला सगळे 'क्लासचे सर' म्हणतात तो लातूरचा माणूस कमलच्या दारात माणसं पाठवतो आहे. होस्टेल त्याचंच. पाठवलेले दोघे पाणी प्यायले, नीट बोलले आणि जाताना अंगणातल्या तुळशीला लाथ घालून गेले. कमल रडत आली. "बाई, तुमी लिवा, पन माज्या पोरीचं नाव नका घेऊ. आमाला इथंच ऱ्हायचं हाय."

नाव मी घेतलंच नव्हतं. शिवानी दाराआड उभी होती. म्हणाली, तुम्ही उद्या उभ्या राहिलात तर मी तक्रार देते.

राहणार. मरेस्तोवर राहणार.

रवि. ९ नोव्हें.

अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल.

सव्वापाचला आले. चार मोटरसायकली, सात-आठ पोरं, लातूरच्या नंबरांच्या गाड्या. मला वाटलं बोलायला आलेत. मी खरंच "या" म्हणाले! पहिल्यानं फळ्याला लाथ घातली. ऋ. फोन धरून मधे गेली, तर काळ्या शर्टवाल्यानं तिचे केस धरून तिला खाली आपटलं. डांबरावर. पोटात लाथ. दुसरी लाथ. टपरीवाल्यानं शटर ओढलं. स्टँडवर पन्नास माणसं असतील, सगळ्यांचे हात वर, हातात फोन.

फळ्याच्या स्टँडचा पाय निखळला होता. सागवानी, माझ्याच हातानं रंधा मारलेला. उचलला आणि काळ्या शर्टाच्या तोंडावर मारला. आवाज अजून कानात आहे. तो खाली बसला, दोन्ही हात डोळ्यावर, बोटांतून रक्त.

मग मी दुसरा मारला. बसलेल्याला.

आणि बरं वाटलं. आजच लिहून ठेवते, उद्या खोटं लिहीन म्हणून. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सोम. १० नोव्हें.

ऋ.ची एक बरगडी तडकलीय, ओठाला चार टाके. पडल्या-पडल्या फोनवर काहीतरी करत होती. दुपारपर्यंत मी गावभर. मग जिल्हाभर. केस ओढणारा हात, लगेच माझा फटका, मागं ढोल-ताशा. नऊ सेकंद. रणरागिणी म्हणे. मला साठीला टेकलेलीला! चष्मा नाकावरून घसरलेला, पदर सुटलेला, तोंड असं वेडंवाकडं की मीच मला ओळखलं नाही.

पोलीस जबाब घेऊन गेले. स्टँडचा पाय कापडात गुंडाळून नेला.

मार खाल्लेल्याचं नाव ओंकार. भोकरचा, सरांच्या क्लासच्या जाहिराती काढतो म्हणे. नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात नेलंय.

बुध. १२ नोव्हें.

शिवानीनं लातूरला जाऊन तक्रार दिली! एकटी नाही. ते नऊ सेकंद पाहून आणखी चार मुली पुढं आल्या. एकीनं पाठ दाखवली. रेक्टरबाईला उचललं, सरांची चौकशी लागली. कमल माझ्या पायाशीच बसली, उठेना. मी पण रडले.

दिलीप पेढे घेऊन आला. "चाळीस वर्षं आपण उभे राहिलो, सुमे. जे झालं नाही ते एका फटक्यात झालं." दोन फटके, मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.

कुठल्या तरी पुढाऱ्याचा माणूस येऊन गेला. रविवारी फळ्यापाशीच सत्कार. शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेली काठी. हाकलला.

शुक्र. १४ नोव्हें.

ऋ. अंघोळीला गेली होती. तिचा फोन उघडायचा आकडा मला माहीत आहे, माझंच जन्मसाल आहे. स्टँडवरच्या कुणीतरी तिला पाठवलेलं अख्खं चित्रण पाहिलं. चार मिनिटांचं.

काळे शर्ट दोन होते.

केस ओढणारा दुसरा. उंच, दाढीवाला. लाथा घालून तो गाडीकडं पळाला. मी मारला तो बाजूला फोन धरून उभा होता, क्लासच्या जाहिराती काढतो तसा हेही काढत होता. आवाज मोठा करून ऐकलं. तीनदा ऐकलं. "सोडा रे तिला. मरंल ती. सोडा म्हणलं ना!" हा त्याचाच आवाज. हे म्हणून तो एक पाऊल पुढं आला, आणि तिथं मी होते.

ऋ.नं मधलं कापलं. ओढणारा हात आणि माझा फटका शेजारी-शेजारी जोडले.

ओल्या केसांनी बाहेर आली तर मी फोन समोर धरला. "त्यांच्यातलाच हाय की तो," म्हणाली. "पगार घेतो त्यांचा. आणि कापलं नसतं तर शिवानीची तक्रार कुणी घेतली असती? तुझ्या फळ्यानं?"

मी थोबाडीत मारली. टाके घातलेल्या तोंडावर. ओठ पुन्हा फुटला, रक्त गळ्यापर्यंत आलं. ती हसायला लागली. "हे पण टाकू का, मावशी?"

आठ दिवसांत तीन वेळा हात उचलला. नियम माझाच.

शनि. १५ नोव्हें., नांदेड

सकाळच्या एसटीनं आले. कुणाला न सांगता. दवाखान्यात तिसरा मजला. ओंकार झोपलेला, अर्ध्या चेहऱ्याला पट्टी. जेमतेम वीसचा असेल. डोळा राहील की नाही ते आठवड्यानं कळणार. फटके दोन्ही तिथंच बसलेत.

पलंगाखाली सतरंजीवर त्याची आई. बघितल्याबरोबर ओळखलं तिनं. मोबाईलवर सगळ्यांनी पाहिलंय मला. मी मनाची तयारी केली होती, शिव्या, चप्पल, काहीही. ती उठली आणि मला बसायला स्टूल दिलं.

"तुमीच का त्या बाई? लोकं घरी येऊन राहिले ओ. परवा ह्याच्या बापाला चौकात धरून मारलं, दात पाडले. दारावर घाण टाकली." मग हळूच, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून, "तुमचं चुकलं न्हाई. पोरीचे केस धरले त्यानं, मी सोता बघितलं मोबाईलात. हा म्हनतो म्या न्हाई धरले. कसं म्हनतो बगा. माझ्याच पोटचं नासकं निघालं."

पोराचं खरं, आणि आई फोनवर विश्वास ठेवून बसलीय. पोटच्या पोरावर नाही.

तिला खरं सांगितलं नाही. दगड खाताना, लाठी खाताना अशी कधी घाबरले नव्हते. तिचा नंबर मागितला. तिनं चिठ्ठीवर लिहून दिला, वर म्हणाली, "चहा घ्या ना." मी जिना उतरून आले.

दिलीपच्या घरी गेले, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाला, आत्ता नको. तारीख लागू दे, मुलींचे जबाब होऊ दे, मग सांग. तू आत्ता बोललीस तर त्यांचा वकील म्हणेल हे खोटं तर वळही खोटे. म्हटलं, आणि तोवर भोकरला त्याच्या बापाचे उरलेले दात? तर म्हणे, "चळवळीत एखाद्याला सोसावं लागतं."

हे वाक्य आपण कुणाच्या तोंडून ऐकायचो रे, दिलीप? विचारलं. त्यानं टीव्ही लावला. चाळीस वर्षांचा मित्र, आणि त्याच्या टीव्हीत काहीतरी फेकावंसं वाटत होतं. चौथ्यांदा. उठून स्टँडवर आले.

रवि. १६ नोव्हें., अहमदपूर

दुपारचे साडेतीन.

फळा लिहून झाला. स्टँडचा पाय पोलिसांकडं, त्यामुळं टपरीच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. गेल्या वेळेएवढीच अक्षरं, पट्टीनं मोजून. "मी ज्याला मारलं त्यानं केस ओढले नव्हते. तो सोडा म्हणत होता. दुसरा फटका मी तो खाली बसल्यावर मारला. शिवानीचे वळ खरे आहेत. – सुमन." पोलिसांनाही हाच मजकूर सही करून दिला. टपरीवाल्यानं वाचलं आणि माझ्याशी बोलायचं बंद केलं.

कमल आली होती. पाया नाही पडली या वेळी. "माज्या पोरीची माती केलीत, बाई. तुमचं काय जातंय?" खरं आहे. माझं काय जातंय? शिवानी तिच्यामागं उभी होती, फळ्याकडं बघत. एकेक शब्दावरून हवेतच बोट फिरवत वाचत होती. काय वाटलं ते कळलं नाही. आईच्या मागं निघून गेली.

काल रात्री ऋ.ला गाठलं. अख्खं चित्रण टाक म्हटलं, तर म्हणाली, चार मिनिटं कोण बघतं? टाकलं की नाही ते विचारलं नाही. फोन तिच्याकडंच आहे.

मघाशी ओंकारच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं. पहिल्यापासून, दोन काळे शर्ट, त्याचा आवाज, दुसरा फटका. मग तिचा आवाज, एकदम सपाट.

"सोडा म्हनत होता?"

"हो. मी तीनदा ऐकलं."

"आन म्या त्याला आठ दिस..." मग विचारलं, "किती वाजेपर्यंत उभ्या असता तुमी तिथं?"

"सहा."

"मंग ऱ्हावा. म्या निघाले. ह्याचा बाप बी येतो."

पावणेपाच झाले. चष्मा काढून डबीत घातला, डबी कपाटात. समोरचं धूसर दिसेल, चालेल. काच डोळ्यात जायला नको. फळ्यावरचं मला पाठ आहे.