आग्रहाचा भात

धाहरान, ४ फेब्रुवारी १९९१

तीर्थरूप आईस, दीनानाथचा दुरून वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की विषारी वायूपासून बचावाचा मास्क लावून आतल्या खोलीत बसतो, एवढंच. रेडिओवर इथल्या युद्धाच्या बातम्या ऐकून घाबरू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या कँटीनमध्ये हल्ली अमेरिकी सैनिक जेवतात. त्यातला एक पिकल्या केसांचा सार्जंट भाताला कधी शिवत नाही. काल मी तुझ्यासारखाच हट्टाला पेटलो. तो नको नको म्हणत असताना डावभर भात वाढला, वर डाळही ओतली. त्याने ताट दूर सारलं.

मग सांगू लागला. विशीत तो व्हिएतनामच्या लढाईत होता. जंगलातल्या कम्युनिस्ट बंडखोरांना धान्य मिळू नये म्हणून त्यांच्या तुकडीने एका गावातला तांदूळ पेटवला. एक म्हातारी हातांनी जळता तांदूळ उपसत राहिली.

"तिची भाषा येत नव्हती," तो म्हणाला, "पण नको नको म्हणतेय, एवढं कळत होतं."

आई, मी आलो की तू खुशाल आग्रह कर. माझा डाव मात्र आता पहिल्या 'नको'लाच थांबतो.

तुझा,
दीना