डोळ्यात दिसलेला पाय

आरोंदा,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय डेल्सी,

जेजूची तुझ्यावर आणि मुलांवर कृपा असो. नाताळपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

इकडे सगळं ठीक. खाडीत कालवं यंदा बरी आहेत. माझी कोंबडी शेजारच्या सावित्रीच्या अंगणात अंडी घालते म्हणून सावित्री शेजारधर्म सोडून भांडते, अंडी मात्र परत करत नाही.

गेल्या गुरुवारी मी कणकवलीला गेले होते, डोळ्यांच्या शिबिरात चष्म्याचा नंबर काढायला. निदान घरातून निघताना स्वतःला तसंच सांगितलं होतं. तिथे सलोनी नावाची तरुण डॉक्टरीण होती. साखरेचा आजार नऊ वर्षांपासून आहे म्हटल्यावर तिने मला चप्पल काढायला लावली. टाचेची जखम बघून विचारलं, ही कधीची? मी म्हटलं, परवाची.

परवाची नाही, डेल्सी. नोव्हेंबरातली. कालवं काढायला आम्ही बायका खडकांवर अनवाणी जातो, तुला ठाऊक आहे. बाकीच्या जपून पाय टाकतात. मी गेली दोन वर्षं धारदार शिंपल्यांवरून सरळ चालत जायचे आणि त्यांना हसायचे. वाटायचं, माझे पाय मुरलेत. त्या दिवशी सावित्रीच म्हणाली, "गो सिसिलिया, तुझ्या पायातसून रगत व्हावता. तुका दुखणा नाय?"

दुखत नव्हतं. काहीच कळत नव्हतं.

नाताळात तुला फरशीवर दिसलेला डाग मी म्हटलं तसा कोकमाच्या आगळाचा नव्हता, रक्ताचा होता. तू पाय दाखव म्हणालीस आणि मी तुला सगळ्यांसमोर सुनावलं, माझ्या घरात डॉक्टरकी नको. मायचा पाय कापला तेव्हाचा, गुडघ्याखाली रिकामा पडलेला तिचा परकर माझ्या डोळ्यांसमोर होता. मी घाबरले होते गो.

सलोनीने डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले आणि एका यंत्रावर हनुवटी टेकायला सांगितली. ती म्हणाली, दुखणं कळवणाऱ्या पायातल्या बारीक नसा बघायच्या तर कातडीचा तुकडा काढावा लागतो. तशाच बारीक नसा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात असतात, त्या या कॅमेऱ्याला नुसत्या दिसतात, आणि साखरेने झिजायला लागल्या की लवकर कळतं. मग तिने फोटो दाखवला. काळ्यावर पांढरे धागे, आपल्या जाळ्यासारखे. काही विरलेले, काही तुटलेले, पुष्कळसे शाबूत.

इतका वेळ मी शुद्ध बोलत होते. ते सगळं विसरून विचारलं, "पाय कापूचो लागतलो?"

ती हसली नाही. "नाय गो मावशी. ही सुरवात आसा. साखर सांभाळ, जखमेक जप. पाय ऱ्हवतलो."

बधिर डोळ्यांतून पाणी आलेलं मला गालावर ओघळल्यावरच कळलं.

जखम भरेपर्यंत खडकांवर जायचं नाही. पुढच्यासाठी स्टँडजवळ रबरी बूट घेतले. घरात घालून बघितले तर सावित्री हसत खालीच बसली. हसू दे. त्या गुरुवारपासून मी रात्रभर गाढ झोपते आहे.

एक राहिलं. तळवे मी रोज आरशात बघावेत असं तिने सांगितलं, पण आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणीतरी नीट बघायला हवेत. तुझं कोण आहे, सलोनीने विचारलं. मी म्हटलं, पेडण्याला बहीण आहे, दर रविवारी येते. तिने कागदावर तुझं नाव लिहून घेतलं.

डेल्सी, या पायापायी मी पुष्कळ थापा मारल्या. ही एक तेवढी तू खरी कर.

दोन्ही पायांवर उभी असलेली,
तुझी बहीण
सिसिलिया