दहावा माणूस

प्रिय शालोमदादा,

तिकडे इस्राएलमध्ये तुला माती दिली, आणि इथे पनवेलात तुझी कद्दिश झाली नाही. म्हणून लिहितोय. मृतासाठीच्या त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सिनेगॉगमध्ये आम्ही नऊ जण बसून राहिलो. गावात दहावा उरलाय अब्राहम, हन्नाचा भाऊ. हो, तुझ्या हन्नाचा!

मीच गेलो त्याच्या दारी. तो अंगणात नारळ सोलत होता.

"या, भाषणवाले!" म्हणाला. "आमच्या हातचा मलिदा चालत नव्हता. आज माणूस कमी पडला, तर आम्ही चालतो होय?"

"अरे, दादा गेला..."

"तुमचा दादा आमच्या घरी जेवायचा हो. तुम्हीच घालवलात त्याला."

आत भांड्यांचा आवाज थांबला. हन्ना ऐकत होती. मी तसाच मागे फिरलो.

दादा, आपल्या मूठभर यहुद्यांतही दोन जाती: आपण 'गोरे इस्राएल', ती 'काळी'! रंगाने माझ्याहून उजळ होती ती. पण तिची कुणी पणजी दासी होती म्हणे. म्हणून, तू तिच्याशी लग्न करायचं म्हणालास तेव्हा, तिने आणलेलं मलिद्याचं ताट आईसमोर मी पायाने बाजूला सारलं. गोड पोहे आणि खोबरं! त्यात कसला विटाळ? आणि दर पेसाहला, गुलामीतून सुटल्याच्या सणाला, आपण घसा फोडून म्हणतो, आम्ही मिसर देशात गुलाम होतो!

पुढे तू तिकडून लिहिलंस, 'इथे आम्हालाच काळे म्हणतात. पणजीचं यहुदीपण सिद्ध करा, मगच लग्न लावू म्हणतात.' ते पत्र फडकवत मी किती सभा गाजवल्या! गोऱ्यांचं साम्राज्य, जहाजांतून नेलेले गुलाम, सगळं सगळं बोललो. हन्नाचं नाव कधी घेतलं नाही. गोऱ्या साहेबाने थोडंच मला ते ताट सारायला सांगितलं होतं?

तू तरी एकदा माझ्या मुस्काटात का मारली नाहीस? गुपचूप निघून गेलास. तुझं ते मौन मला सोयीचं पडलं रे.

अब्राहम आला नाही. यावं तरी का त्याने?

शनिवारी सिनेगॉगमध्ये बाकीच्या आठ जणांसमोर उभा राहून सांगेन, की शालोमला या गावातून मी हाकललं. तेवढ्याने दहावा माणूस मिळणार नाही. तुझी प्रार्थना राहील ती राहीलच. तरी सांगेन, दादा. हा माझा शब्द.

तुझा धाकटा,
दाविद